अक्कांचा बारमाही दसरा

श्रावणी सोमवार, म्हणून शाळा अर्धा दिवसच होती. शेवटच्या तासाला मुली एका सुरात बाराचा पाढा म्हणत होत्या आणि मी खिडकीशी वह्या तपासत बसले होते. तेवढ्यात आमच्या शेजारच्या गयाबाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या शाळेत आल्या की आधी पोरींना दोन शब्द सुनावल्याशिवाय माझ्याकडे वळत नसत. त्या दिवशी थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मास्तरीणबाई, जल्दी घरी चला. अक्का बोलून न्हाई राह्यल्या.” मी विचारलं, “म्हणजे?” खरं तर म्हणजे काय ते कळलं होतं. चार दिवस ताप होता, सकाळी जरा उतरला होता, मी निघताना त्यांनी आपणहून पेज मागून घेतली होती… तरी मी ‘म्हणजे?’ म्हणाले. आणि त्यानंतरही मी लगेच उठले नाही. हातातली वही शेवटच्या पानापर्यंत तपासली, खाली सही केली, तारीख घातली, पाढा संपू दिला. गयाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, मला धक्का बसलाय. वाटेत त्यांनी माझा दंड धरला होता आणि मी तो धरू दिला.

अक्का म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. त्या जाऊन दीड महिना झाला. भेटायला आलेल्या प्रत्येकानं, जाफराबादचा असो की भोकरदन-राजूरकडून आलेला असो, एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हटलं, ‘तुम्ही त्यांचं केलंत हो, पोटच्या लेकीनं केलं नसतं.’ मी मान खाली घालून चहा पुढे करत असे. मान खाली घातली की लोकांना तो विनय वाटतो. पण आता मला ते वाक्य ऐकवत नाही. म्हणून जे कुणालाच, यांनासुद्धा, सांगितलं नव्हतं ते लिहून काढायला बसले आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. बराचसा भाग माझा मलाच उमगलेला नाही.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी यांची बदली जाफराबादच्या कचेरीत झाली. सगळे कागद उर्दूतून मराठीत येत होते आणि दोन्ही लिहिता येणारी माणसं हवी होती. अक्का इथं एकट्या राहत. कमी वयात विधवा झालेल्या, सासरचं कुणी मागं उरलेलं नाही, चार खोल्यांचं धाब्याचं घर तेवढं त्यांच्या नावावर. “भाड्याच्या घरात कशाला खर्चा करतोस, बापू? हे काय माझ्या एकटीनं पुसत बसायचं का?” म्हणून त्यांनी भावाला बोलावून घेतलं. मी तेव्हा तिशीची होते. मूलबाळ नाही, आणि होणार नाही हे जवळपास ठरलेलं. माझं माहेर वऱ्हाडात, चिखलीकडे. तिथं मराठी सातवी झालेली, त्यामुळे दोनेक वर्षांत इथल्या मुलींच्या शाळेत नोकरीही मिळाली. घरात मात्र मी शिकाऊच राहिले.

आमच्या भागात नवरात्राच्या आधी दसरा काढतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, दसरा काढायचा म्हणजे अख्खं घर उपसायचं. गोधड्या, सतरंज्या, पडदे नदीवर न्यायचे, भांडीकुंडी अंगणात काढून चिंचेनं घासायची, जाळ्या काढायच्या, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा, जमीन सारवायची. दोन-तीन दिवस घरात चूल नीट पेटत नाही आणि बायकांचे हात सोलवटून निघतात. माझ्या आईचा दसरा म्हणजे लग्नघर असे. गाडीत गोधड्यांचा ढीग, त्यावर आम्ही पोरी बसलेल्या… ते दोन दिवस मला दसऱ्याच्या दिवसापेक्षाही आवडत.

अक्का दसरा काढत नसत. सबंध गल्लीत त्यांचं एकच घर असं होतं. त्यांची रीत वेगळीच होती. दर पंधरवड्याला घरातली एक जागा. एकच, जास्त नाही. चैत्राच्या सुरुवातीला देवघर, मग तांब्यापितळेची भांडी, वैशाखात धान्याच्या कणग्या उन्हात काढून कडुनिंबाचा पाला बदलायचा, ज्येष्ठात पाऊस यायच्या आत धाब्यावरची माती. असं करत करत फाल्गुनात त्या सरपणाच्या खोलीपर्यंत येऊन पोचत. गोधड्यासुद्धा सगळ्या एकदम नाहीत, दोन धुवायच्या, वाळल्या की पुढच्या दोन. ज्या जागेची पाळी असेल ती त्या पूर्ण रिकामी करत, तिथली भिंत हातानं लिंपत, आणि सगळ्या वस्तू होत्या तशाच, होत्या तिथंच परत ठेवत. अधिक महिना आला तर काही करायचं नाही. “त्या महिन्यात घराला बी सुट्टी,” म्हणत.

गयाबाई आणि त्यांची यावरून दर भाद्रपदात जुंपायची. गयाबाई गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन नदीकडे निघाल्या की मुद्दाम आमच्या दारावरून जात. “अक्का, तुमचा दसरा म्हंजे म्हशीचं रवंथ बगा. बारा महिने चालू, सरतच न्हाई.” अक्का ओसरीवरून म्हणत, “आन् तुझा दसरा म्हंजे जावयाचा मुक्काम गं, गये. दोन दिवस धांदल, मंग वर्षभर तोंड दावायचं न्हाई.” एकदा मीच विचारलं होतं, अक्का, एकदाच काढून का टाकत नाही आपण? त्या डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, “एकदम समदं उपसलं की घर भांबावतं, इंदू. त्याला बी कळत न्हाई आपण कुठं हाओत ते.” मी हसले होते.

जिथलं तिथं, हा त्यांचा कायदा होता. पहिल्याच आठवड्यात मी पोळपाट खुंटीला अडकवायच्या ऐवजी भिंतीला टेकवून ठेवला, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “हात गेला की वस्तू आली पायजे.” मी उचलून खुंटीला लावला. मात्र त्या दिवसापासून मला त्या घरात पाहुणी असल्यासारखं वाटू लागलं. सहा वर्षं झाली तरी मीठ कुठं ठेवायचं ते मी ठरवलं नव्हतं. चुलीमागच्या उतरंडीत वरून तिसऱ्या मडक्यात मीठ, ते त्यांनी केव्हा ठरवलं कोण जाणे… आणि मी शाळेत तीस पोरींना शिस्त लावून घरी यायची ती त्या मडक्याला शिस्तीनं झाकण लावायला.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी तीन कागद फाडले.

एका वैशाखात शाळा लवकर सुटली. भर दुपार होती. मी स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा अक्का आत, माझ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. ऊन माझ्या अंगावर पडलं होतं. त्यांच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला होता, आणि कुणी समोर असताना त्या तो कधी घसरू देत नसत. त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या, पापडांचा हिशेब असावा. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं आणि पुटपुटत राहिल्या. मी ‘अक्का’ म्हणणार होते. म्हटलं नाही. त्या चालत माझ्यापासून हातभर अंतरावर आल्या, घडवंचीवरचा तांब्या बिनचूक उचलला, पाणी प्यायल्या, तांब्या बिनचूक ठेवला आणि परत फिरल्या. मी श्वास रोखून होते. गेल्या वर्षभरातल्या बऱ्याच गोष्टी एकदम डोळ्यांपुढे आल्या. सुईत दोरा ओवायला त्या मला किंवा गयाबाईंना हाक मारू लागल्या होत्या. संध्याकाळी माजघरात चिमणी लावायची तर म्हणत, “तेल कशाला जाळून राह्यलीस?” दारात कुणी आलं तर त्यानं तोंड उघडेपर्यंत या बोलत नसत. आम्ही याला म्हातारपणचा मानपान समजत होतो.

मग मी पुढे झाले आणि तांब्या वीतभर डावीकडे सरकवला.

असं का केलं, हे मला कुणी विचारलं तर मी उत्तर देऊ शकणार नाही. थोड्या वेळानं त्या पुन्हा आल्या. हात खाली आला तो रिकाम्या फळीवर. तिथंच थांबला. मग आधी उजवीकडे, मग डावीकडे, फळीवरून घासत गेला आणि तांब्याला लागला. अक्का मोठ्यानं म्हणाल्या, “आज इथं बसलास होय रे बाबा!” मला हसू आलं. मी पदर तोंडात कोंबला होता, ते रडू आवरायला नव्हे.

त्यानंतर मी आणखीही काही वेळा असं केलं. कधी तांब्या, कधी उलथनं, एकदा त्यांच्या जपाची माळ. किती वेळा ते मोजलेलं नाही, पण एकदा-दोनदा नव्हे. यांना सांगितलं नाही. स्वतःला समजावत असे, त्यांना लपवायचं आहे तर लपवू देत, म्हातारीचा मान कशाला मोडा. सबब चांगली होती. पण रात्री अंथरुणावर पडलं की वेगळंच जाणवायचं. त्या घरातली एकूण एक वस्तू त्यांनी ठरवलेल्या जागी होती. हे एवढंच काय ते माझं स्वतःचं होतं, माझ्या जागी ठेवलेलं. ते मला कुणाला द्यायचं नव्हतं. असं दोन वर्षं चाललं. बारमाही दसऱ्याचं मर्मही मला त्या काळात कळलं, किंवा कळलंसं वाटलं. अक्का जागेवरची धूळ काढता काढता जागा पाठ करत होत्या. पंधरवड्याला एक, म्हणजे विसरायला होणार नाही. पण मग डोळे चांगले असतानाही त्यांची रीत हीच होती, ती कशी? आधीपासूनच दिसेनासं व्हायला लागलं होतं? की रीत जुनीच, आणि ती पुढे अशी कामी आली? मी हे आजही उलटसुलट करत असते आणि कुठंच पोचत नाही.

दोन वर्षांनी भाद्रपदात संकष्टी मंगळवारी आली. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जायचा अक्कांचा नेम होता. हे त्यांना सर्व्हिस मोटारीनं घेऊन गेले. तिथं लांबच्या नात्यातलं एक घर आहे, चार दिवस राहून येणार होते. मोटार गेली आणि मी गयाबाईंकडे जाऊन म्हणाले, “मला दसरा काढायचाय. येता का मदतीला?” त्या बघतच राहिल्या. “अक्का इचारतील की!” मी म्हणाले, “अक्का येतील तेव्हा घर आरशासारखं झालेलं असेल. काय बोलतील?”

तीन दिवस आम्ही राबलो. मी आईच्या घरी जशी खुश असायचे तशी खुश होते, हेही खरं आहे. सगळ्या गोधड्या एकदम पूर्णेवर नेल्या. भिंतीतली लहानमोठी भोकं, खड्डे चिखलमातीनं बुजवले आणि वर चुन्याचे दोन हात दिले. उतरंड मोडली. मडकी गयाबाईंना देऊन टाकली आणि बाजारातून पत्र्याचे डबे आणून फळीवर ओळीनं मांडले. घडवंची खिडकीखाली नेली. कपड्यांचा मोठा लाकडी संदूक आतल्या खोलीत अडचण करायचा, तो गल्लीतल्या आणखी दोघींना बोलावून आम्ही चौघींनी ढकलत माजघरात आणला. देव तेवढे हलवले नाहीत. पण देवघराच्या कोनाड्याखाली नैवेद्य ठेवायची एक फळी होती, तिला वाळवी लागली होती, ती काढून टाकली. संदूक ढकलताना मला अक्कांची आठवण झाली होती का? झाली होती. स्पष्ट झाली होती. तरी मी म्हणाले, “अजून थोडा पुढं घ्या.”

ते दोघं परतले तेव्हा चार-साडेचार वाजले असतील. गल्लीतल्या पाच-सहा बायका घर बघायला जमल्या होत्या. अक्का उंबऱ्याशी आल्या, चपला काढल्या आणि थांबल्या. नाक वर करून म्हणाल्या, “चुना? … इंदू, काय केलंस गं?” मी बोलायच्या आत गयाबाई ओरडल्या, “दसरा काढला, अक्का! तुमच्या भावजयीनं तीन दिवसांत तुमचं वर्ष उरकून टाकलं!” बायका हसल्या. अक्कासुद्धा हसल्या. मग त्या उंबऱ्यात इतका वेळ उभ्या राहिल्या की मागून हे म्हणाले, “चला की आत.” त्या काय करत होत्या ते त्या गर्दीत फक्त मला कळत होतं. मी त्यांच्यापासून दोन पावलांवर होते. हात पुढे करायचा होता फक्त. ‘या अक्का, दाखवते’ म्हटलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. मी हात दिला नाही. हे या सगळ्या लेखातलं मला सर्वांत पक्कं माहीत असलेलं वाक्य आहे.

त्या एकट्याच आत गेल्या. एवढ्या बायकांसमोर चाचपडायचं नाही, म्हणून नेहमीच्याच पावलांनी, ताठ. देवघरापर्यंत बरोबर गेल्या. हातातली प्रसादाची पुडी फळीवर ठेवली. फळी नव्हतीच. पुडी जमिनीवर पडून साखरफुटाणे घरंगळले. कुणीतरी ‘अगंबाई’ म्हणालं. त्या झटकन वळल्या आणि संदुकावर जाऊन आदळल्या. मनगट मोडलं. हाडाचा आवाज मला ऐकू आला.

यांनी त्यांना उचलून बसवलं. काय झालं, कसं झालं, दिसत नाही का तुला एवढं धूड, असं ते रागानं-काळजीनं बोलत होते. मग एकदम अक्कांच्या डोळ्यांपुढे हात धरून म्हणाले, “अक्का, किती बोटं?” अक्का म्हणाल्या, “तुझी बोटं लहानपणापासून पाचच हायेत, बापू.” कुणी हसलं नाही. हे तसाच हात धरून राहिले. ते रडत होते हे अक्कांना दिसत नव्हतं, आवाज आला तेव्हा कळलं. म्हणाल्या, “उगी. जुनंच हाये ते.”

मग हे माझ्याकडे वळले. लग्नानंतर वीस वर्षांत असा चेहरा मी पाहिला नव्हता. “घर असं उलटंपालटं करायचं कुणी सुचवलं तुला?” मी तोंड उघडलं. काय सांगणार होते कोण जाणे. त्याआधी अक्का म्हणाल्या, “मीच सांगितल्तं तिला. थोडं थोडं करून कट्टाळले, एकदाचं काढून टाक म्हन्लं. तिला बोलू नगंस.”

त्यांनी सांगितलं नव्हतं. तशा अर्थाचा एक शब्दसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या.

जालन्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिलं. काचबिंदू म्हणाले. यात गेलेलं परत येत नाही, “दोन वर्षं आधी आणलं असतं तर उरलेलं तरी राखता आलं असतं.” हे म्हणाले, “आम्हाला कुठं माहीत होतं, डॉक्टरसाहेब!” मी मान हलवली.

त्यानंतरची पाच वर्षं सांगण्यासारखी नाहीत, आणि लोक नेमक्या त्याच पाच वर्षांबद्दल माझं कौतुक करतात. अक्कांना चुलीशी जाऊ द्यायचं नाही, असं यांनी ठरवलं. मी अंमल केला. त्यांना न्हाऊ घातलं, वेणी घातली, ताटात घास कुठं आहे ते सांगितलं. चुलीवरची सत्ता माझ्याकडे आली. मीठ कुठं ठेवायचं ते मी ठरवू लागले आणि महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की मला त्यात काहीच गोडी वाटत नाही. दर भाद्रपदात मी पूर्ण दसरा काढू लागले. अक्का ओसरीवर बसून असत. त्यांच्या हातात निवडायला काही दिलं की बोटांनी खडा असा टिपत की डोळसाला जमू नये. घराबद्दल त्यांनी पुन्हा एक शब्द काढला नाही. पंधरवड्याची पाळी, जागा, भिंत, काही नाही. आपल्याच घरात त्या भिंतीला हात लावून चालत आणि मधेच थांबून विचारत, “ही कोणती खोली गं?”

त्या खोटं का बोलल्या? मी हे हजार वेळा विचारलंय, अर्थात मनात. भावाचा संसार सांभाळायला? मला क्षमा करून? की मला जन्माचं बांधून ठेवायला, की आता बस, माझ्याशी चांगलंच वागावं लागेल तुला? अक्का अशा नव्हत्या. पण कशा होत्या? मी त्यांच्याकडे दोन वर्षं टक लावून पाहिलं, त्या मला पाहू शकत नव्हत्या तेव्हा, आणि तरी मला त्या कळल्या नाहीत.

गेल्या माघातली गोष्ट. उन्हात बसून ज्वारी निवडत होत्या, मी शेजारी वह्या घेऊन. मधेच म्हणाल्या, “इंदू, तांब्या तूच सरकवायचीस ना गं?”

आवाजात राग नव्हता. थोडं हसू असल्यासारखं वाटलं. कुणी शेजारीण ‘काल आमटीत गूळ जास्त पडला होता ना?’ विचारते तसं. घरात आम्ही दोघीच होतो. ‘हो’ एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कदाचित त्या पुढे काही बोलल्या असत्या, खोटं का बोलल्या तेही सांगितलं असतं… त्यांनी दार उघडून धरलं होतं.

मी म्हणाले, “नाही हो अक्का. कोणता तांब्या?”

त्यांची बोटं जरा थांबली. मग पुन्हा ज्वारीत फिरू लागली. “मंग मलाच भास झाला असंल,” म्हणाल्या. थोड्या वेळानं, “बिलकुल बराबर वाटायचा बग भास.” आणि सुपातले खडे माझ्या हातावर ओतले.

त्यानंतर सहा महिने त्या होत्या. मी रोज ठरवत असे, आज सांगायचं. ज्या सकाळी त्यांनी पेज मागितली त्या सकाळीही ठरवलं होतं, शाळेतून आल्यावर सांगू. वही पूर्ण तपासत का बसले, याचं कारण बहुधा हेच असावं. किंवा नसेलही.

इथवरचं लिहून झाल्यावर परवा मी ते यांना वाचून दाखवलं. छापायला पाठवायच्या आधी त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मी थांबले तेव्हा म्हणाले, “तिनं ‘मीच सांगितल्तं’ म्हटलं, तवाच मला समजायला पायजे होतं. उभ्या जन्मात तिनं कुणाला दसरा काढ म्हणून सांगितलं न्हाई.” मग टोपी घालून बाहेर गेले. जेवायला आले. तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलतात. वाचताना एक वेळ ते मला मधेच थांबवतील असं वाटलं होतं, संदुकाशी. थांबवलं नाही. “पाठव” म्हणाले नाहीत, “पाठवू नकोस” असंही म्हणाले नाहीत. मी काय समजायचं?

यंदा आमच्याकडे सण नाही, म्हणून दसराही काढायचा नाही. गल्लीतून गोधड्यांची गाठोडी नदीकडे चालली आहेत. गयाबाई आमच्या दारावरून जातात आणि काही बोलत नाहीत. मी एकच जागा काढायला घेतली, माजघराची मागची भिंत, कवाडाआडची. या पंधरवड्याला हीच पाळी असायची की नाही, हेही मला नक्की आठवत नाही. यांना विचारायची सोय नाही, आणि त्यांना कधी माहीतही नव्हतं. कवाड कायम उघडं असतं, त्यामुळे त्या आडोशाला माझा चुना कधी पोचलाच नव्हता, मूळची माती तशीच होती. ओल्या फडक्यानं पुसत खाली येत होते, तर कमरेएवढ्या उंचीवर हाताला काहीतरी लागलं. दिसत काहीच नव्हतं. डोळे मिटून चाचपलं तेव्हा कळलं. मातीत शेजारी शेजारी तीन खळगे होते, ओल्या लिंपणात बोटांची टोकं दाबल्यावर पडतात तसे. त्यांच्या बाजूला, चौथ्या बोटाच्या जागी, एक आडवी रेघ.

दुसऱ्या भिंतींवरचे खड्डे मी बुजवले होते त्यांतले किती असे होते, ते आता कसं कळणार? वाळवीचे असतील, खिळ्यांचे असतील. किंवा दर पंधरवड्याला एक, असे साऱ्या घरभर उठवलेले असतील. हेही तीन अक्कांचेच कशावरून? भिंत लिंपणाऱ्या कुणाचे तरी सहज पडलेले असतील. माझी तीन बोटं त्यांत बरोबर बसतात, पण बोटं कुणाचीही बसतील. तीन खळगे आणि एक रेघ म्हणजे काय, इथं खाली काय ठेवलेलं असायचं, सूप, जातं, की इथून डावीकडे वळायचं एवढंच… मला माहीत नाही. माती कालवलेली होती, ती भिंतीला लावत गेले. तेवढी वीतभर जागा सोडून बाकी सगळी भिंत लिंपून काढली.